२१०० सालच्या सीओटूच्या फाइलमधले आकडे नक्की ठरवतं कोण?

मुक्काम_ढगात

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी पिकांच्या वाढीचं एक कॉम्प्युटर मॉडेल चालवतोय, त्याला दर वर्षीचं हवेतलं कार्बन डायऑक्साइड (सीओटू) द्यावं लागतं, २१०० पर्यंत. आता गंमत अशी की आमच्या ग्रुपमधल्या जुन्या रन्स आरसीपी ८.५ वर आहेत आणि नवीन रन्स एसएसपी५-८.५ वर (दोन्ही म्हणजे भविष्याच्या ठरवून दिलेल्या कल्पित वाटा, सिनारिओ). मी आपला समजून चाललो होतो की दोन्हीच्या शेपटाला ८.५ आहे म्हणजे गोष्ट एकच, नाव नवीन. फाइल उघडली तर पहिल्यात २१०० ला ९३६ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९३६ भाग) आणि दुसऱ्यात ११३५. दोनशे पीपीएमचा फरक! पिकाला हा फरक जाणवतो हो, सीओटू वाढलं की प्रकाशसंश्लेषण वाढतं, पानावरची रंध्रं कमी उघडतात, पाण्याचा हिशेब बदलतो, सगळंच बदलतं.

वर ते आकडे दशांश चिन्हाच्या पुढे चार-पाच घरं आणि २५०० सालापर्यंत. पुढच्या दहा वर्षांत काय होईल ते कुणी छातीठोक सांगत नाही आणि इथे २४८७ सालचा आकडा तयार आहे. हे ठरवतं कोण, कसं, आणि ८.५ दोन्हीकडे आहे तर मग हा घोळ काय?

---

पिंपळपान

चांगला धागा. खुर्ची टाकून बसलोय.

---

जुनाट

८.५ हा सीओटूचा आकडा नाहीच मुळी. ते रेडिएटिव्ह फोर्सिंग आहे, म्हणजे औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत पृथ्वीच्या ऊर्जेच्या ताळेबंदात दर चौरस मीटरला किती वॅट जास्त पडले ते, आणि तेसुद्धा साधारण, २१०० च्या आसपास. त्या ८.५ मध्ये सीओटू, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, फ्रिजातले आणि एसीतले वायू, ओझोन, आणि उलट दिशेने खेचणारे धुलिकण सगळे मिळून येतात. आता कुणाचा वाटा किती हे ज्याने त्याने वेगळं धरलं की बेरीज तीच राहते पण सीओटू बदलतं.

स्वतः करून बघा. जुनं सोपं सूत्र आहे, ५.३५ गुणिले आत्ताचं भागिले मूळ प्रमाण याचा नॅचरल लॉग. मूळ २७८ धरा. ९३६ ला साधारण ६.५ वॅट येतात, ११३५ ला साधारण ७.५. म्हणजे आरसीपी ८.५ मध्ये उरलेले दोन वॅट बाकीच्यांनी भरायचे, त्यात मिथेनचा हात मोठा, २१०० ला ३७५० पीपीबीच्या (अब्ज भागांत इतके भाग) आसपास धरलाय, आजच्या जवळजवळ दुप्पट. एसएसपी५ वाल्यांनी मिथेन बराच कमी धरला, मग ८.५ गाठायला सीओटू वर न्यावं लागलं. हवामानाच्या मॉडेलला यात फारसं बिघडत नाही, त्याला वॅट मिळाल्याशी मतलब. झाड मात्र वॅट खात नाही, सीओटू खातं. म्हणून तुमच्या कामात जुन्या-नव्या रन्स एका आलेखावर काढून "मॉडेल सुधारलं" असं म्हणालात तर रिव्ह्यूवर सोलतील, आणि बरोबर सोलतील.

---

मुक्काम_ढगात

बाप रे. म्हणजे आधी ८.५ ठरवलं आणि मग आतलं भरलं?

---

हिशेबनीस

आरसीपीच्या बाबतीत जवळजवळ तसंच. थोडा इतिहास सांगते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

१९९२ ला आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने, आयएस९२ नावाचे सहा सिनारिओ दिले, २००० साली एसआरईएस आले, चाळीस सिनारिओ, ए१ ए२ बी१ बी२ अशी चार घराणी. तेव्हा क्रम सरळ होता. लोकसंख्या, उत्पन्न, ऊर्जा किती आणि कशातून याची गोष्ट रचायची, त्यातून उत्सर्जन काढायचं, मग हवेतलं प्रमाण, मग हवामान, मग परिणाम. कायाचं समीकरण म्हणतात ते याच्या मुळाशी: माणसं गुणिले डोई उत्पन्न गुणिले उत्पन्नामागे ऊर्जा गुणिले ऊर्जेमागे कार्बन. दिसायला अगदी बाळबोध, पण चारही गोष्टी शंभर वर्षं पुढे ढकलायच्या म्हटल्यावर काय होतं ते बघा.

अडचण ही की प्रत्येक पायरीला वर्षं लागायची, आणि हवामानवाले सुपरकॉम्प्युटर घेऊन अर्थशास्त्रवाल्यांची वाट बघत बसायचे. म्हणून आरसीपीच्या वेळी शक्कल काढली की छापील अभ्यासांतून चार फोर्सिंगच्या वाटा आधी निवडायच्या, २.६, ४.५, ६ आणि ८.५, त्या हवामानवाल्यांना लगेच द्यायच्या आणि समाजाच्या गोष्टी मागून सावकाश लिहायच्या. त्या मागून लिहिलेल्या गोष्टी म्हणजे एसएसपी (एसएसपी५-८.५ मध्ये ५ हा गोष्टीचा नंबर, ८.५ हे फोर्सिंग). चार वाटा चार वेगळ्या ग्रुपच्या: २.६ इमेज नावाच्या मॉडेलची, ४.५ जीकॅमची, ६ जपानच्या एआयएमची, ८.५ ऑस्ट्रियातल्या आयआयएएसएच्या मेसेज मॉडेलची. एसएसपी५-८.५ तर जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या रेमाइंड मॉडेलमधून आली. म्हणजे नुसता मिथेनच वेगळा नाही, आतलं जगच वेगळं आहे. आरसीपी ८.५ मध्ये शतकाअखेर १२ अब्ज माणसं आणि संथ प्रगती, एसएसपी५ मध्ये साडेसात अब्जांच्या आत माणसं पण श्रीमंत आणि कोळशावर तुटून पडलेली.

---

शंकेखोर

हे सगळं ठीक आहे हो पण उत्सर्जनावरून प्रमाण काढायला एवढं काय लागतं? दरवर्षी जीवाश्म इंधनातून साधारण ३७ अब्ज टन, जमीन-जंगल धरून ४१ च्या आसपास. १ पीपीएम म्हणजे ७.८ अब्ज टन सीओटू. निम्म्याहून थोडं कमी हवेत राहतं, ४५ टक्के धरा. गुणाकार करा, बेरीज करा, संपलं. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. याला मॉडेल, एम्युलेटर असली भारदस्त नावं कशाला? मला तर वाटतं जितका धूर जास्त तितकी फी जास्त असा प्रकार आहे.

---

जुनाट

शंकेखोर, तुमचा हिशेब गेल्या साठ वर्षांना बरोबर लागू पडतो आणि पुढच्या ऐंशी वर्षांना नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे.

हवेत राहणारा वाटा इतकी दशकं ४५ टक्क्यांच्या आसपास टिकला तो काही निसर्गाचा नियम म्हणून नाही. समुद्र आणि झाडं-माती या वर्षी किती शोषणार ते यावर्षीच्या उत्सर्जनावर ठरत नाही, हवेत एकूण किती जास्त साठलंय त्यावर ठरतं. उत्सर्जन दरवर्षी ठराविक टक्क्याने वाढत गेलं तर साठा आणि शोषण दोन्ही त्याच टक्क्याने वाढतात आणि गुणोत्तर आपोआप स्थिर दिसतं. उत्सर्जन वाढायचं थांबलं की ते मोडतं. साठा मोठा असतो, शोषण जोरात चालू असतं, वरून येणारं कमी होतं, मग हवेत राहणारा वाटा घसरतो. उलट बाजूला उत्सर्जन वाढतच राहिलं तर समुद्राचं रसायन आड येतं. पाण्यात विरघळलेला सीओटू कार्बोनेटशी संयोग पावून पचवला जातो, कार्बोनेट कमी होत गेलं की समुद्राची पचनशक्तीच मंदावते. रेव्हेल आणि स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५७ ला हा मुद्दा मांडला होता, हवेत १० टक्के वाढ झाली तर समुद्राच्या वरच्या थरात विरघळलेला कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो.

आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात याचा आकडाच दिलाय. १८५० ते २१०० मधलं सगळं उत्सर्जन धरलं तर एसएसपी१-१.९ मध्ये जमीन आणि समुद्र मिळून ७० टक्के गिळतात, एसएसपी५-८.५ मध्ये ३८ टक्केच. तुमचे ४५ टक्के हवेत धरले तर वरच्या वाटेवर प्रमाण कमी निघेल आणि खालच्या वाटेवर जास्त. म्हणजे जिथे धोका जास्त तिथे तुमचं एक्सेल धीर देणार आणि जिथे आशा आहे तिथे घाबरवणार.

---

शंकेखोर

हं. हे माहीत नव्हतं. पण मग ज्या मॉडेलने हे काढतात ते तरी काय दिवे लावतं?

---

जुनाट

त्याचं नाव मॅजिक. टॉम विग्ली आणि सारा रेपर यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेलं छोटं मॉडेल, पुढे माल्टे माइन्सहाउझेन आणि मंडळींनी वाढवलं. मोठ्या मॉडेलला एक शतक चालवायला सुपरकॉम्प्युटरवर आठवडेच्या आठवडे लागतात, हे लॅपटॉपवर डोळ्याची पापणी लवते तोवर होतं, कारण यात ढग, वारे, पाऊस काही नाही, जगाची सरासरी आणि मोजके साठे. मोठ्या मॉडेलांसारखं वागावं म्हणून याचे स्क्रू पिळून बसवलेले असतात. आरसीपीला सहावी आवृत्ती वापरली, एसएसपीला सातवी. ४३ वायू, महिन्यागणिक, अक्षांशागणिक, आणि हो, २५०० पर्यंत.

आता २५०० चं कोडं. २१०० नंतर कुणी अर्थशास्त्र करत नाही. तिथून पुढे अगदी साधा नियम लावलेला असतो, अमुक सालापर्यंत उत्सर्जन असं उतरवत न्यायचं, तिथून शून्य, वगैरे. बर्फाचे थर आणि समुद्रपातळीवाल्यांना शेकडो वर्षांचं इनपुट लागतं, त्यांची सोय. तुमच्या २४८७ च्या आकड्यामागे कुणाची भविष्यवाणी नाही, निश्चिंत रहा.

आणि दशांशाची घरं कॉम्प्युटर छापतो म्हणून असतात. खरी गोम वेगळीच आहे. फाइलमध्ये प्रत्येक वर्षाला एकच आकडा आहे, आणि तो मॅजिकच्या एका मध्यम सेटिंगचा आहे. जगातल्या सगळ्या मोठ्या मॉडेलांना तोच दिला जातो म्हणजे तुलना सोपी जाते, हे मान्य, मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. पण त्यामुळे कार्बन सायकलमधली अनिश्चितता फाइलच्या आत गाडली जाते आणि पुढे कुणाला दिसतच नाही. मागे सीएमआयपी५ च्या वेळी (जगभरची हवामान-मॉडेलं एकाच इनपुटवर चालवून तुलना करायचा प्रकल्प, त्याची पाचवी फेरी) अकरा मॉडेलांना प्रमाणाच्या ऐवजी आरसीपी ८.५ चं उत्सर्जन दिलं आणि म्हटलं तुमचं तुम्ही प्रमाण काढा. २१०० ची सरासरी आली ९८५, अधिक-उणे ९७. फाइल म्हणत होती ९४० च्या आसपास. उत्सर्जन अगदी तेच, एक टनाचा फरक नाही, आणि तरी हा पसारा.

---

मुक्काम_ढगात

हे वाचून माझ्या आलेखावरची ती बारीक ठसठशीत रेघ बघवेना. म्हणजे त्या रेघेला जाडी हवी होती.

---

रानवारा

जुनाटकाका सीओटूवरच रमलेत, मिथेनकडे जरा वळूया का, कारण तिथे पसारा याहून मजेशीर आहे.

मिथेन हवेत राहतो साधारण ९ वर्षं, त्याला मुख्यतः हायड्रॉक्सिल (ओएच) नावाचा रॅडिकल, म्हणजे झटकन प्रक्रिया करणारा कण, खातो. हा ओएच कुणी थेट मोजू शकत नाही असं म्हटलं तरी चालेल, सेकंदाभराच्या आत नाहीसा होतो, म्हणून त्याचं जागतिक प्रमाण आडवळणाने काढावं लागतं. आता मिथेन जास्त झाला की ओएच खर्ची पडतो, मग उरलेला मिथेन जास्त काळ जगतो. गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड वाढले की ओएच वाढतो, कार्बन मोनॉक्साइड वाढला की घटतो. म्हणजे २०७० चा मिथेन सांगायला २०७० चं शहरी प्रदूषण सांगावं लागतं.

आणि प्रत्यक्षात काय झालं ते बघा. १९९९ ते २००६ मिथेन जवळपास जागच्या जागी थांबला. लोकांना वाटलं आता झालं स्थिर. २००७ पासून परत चढायला लागला, २०२१ ची वाढ मोजमाप सुरू झाल्यापासूनची सर्वात मोठी, १८ पीपीबीच्या आसपास. हा चढ नक्की कशामुळे यावर अजून भांडणं चालू आहेत, मिथेनमधला कार्बन-१३ चा (जड कार्बनचा) वाटा कमी होत गेलाय त्यावरून पाणथळ जागा, गुरं, कचरा असल्या जैविक स्रोतांकडे बोट जातं. एसएसपी१-२.६ सारख्या वाटेवर मिथेन २०२० नंतर लगेच उतरायला लागतो. खरा मिथेन काही तो कागद वाचत नाही.

---

हिशेबनीस

+१. आणि सिनारिओत पाणथळ जागांचं उत्सर्जन बहुतेक स्थिर धरलेलं असतं, कारण सिनारिओवाले माणसाचं उत्सर्जन मोजतात. तापमान वाढलं म्हणून दलदलीतून जास्त आला तर तो कुणाच्या खात्यात, हा प्रश्न दोन खुर्च्यांच्या मधे पडतो.

पर्माफ्रॉस्टचंही (कायम गोठलेल्या जमिनीचंही) तेच. तिथल्या मातीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या दुपटीच्या जवळपास. सीएमआयपी६ च्या बहुतेक मॉडेलांत तो नीट नाहीच.

---

शंकेखोर

मग एवढं सगळं कच्चं असताना आजवरचे अंदाज किती बरोबर आले ते सांगा. तिथेच खरं-खोटं होईल.

---

रानवारा

रास्त प्रश्न. भूशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी १९७५ साली इंधनाचा वापर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असं धरून २०१० ला ४०३ पीपीएम सांगितलं होतं. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत प्रत्यक्ष निघालं ३९० च्या आसपास. पस्तीस वर्षं आधी, कॅल्क्युलेटरच्या जमान्यात, वाईट नाही.

नासाचे जेम्स हान्सेन यांच्या १९८८ च्या सिनारिओंत मात्र सीएफसी (फ्रिज-एसीतले जुने वायू) आणि मिथेन जास्त धरले गेले. सीएफसीचं कारण चांगलंच आहे, ओझोनचा थर वाचवायचा माँट्रियल करार झाला आणि पाळला गेला. जुन्या १७ हवामान-अंदाजांची नंतर तपासणी झाली, त्यात १० सरळ निरीक्षणांशी जुळले, आणि वायूंचं प्रमाण प्रत्यक्षात जे झालं ते घालून बघितल्यावर १४ जुळले. म्हणजे काहींची चूक भौतिकशास्त्रात नव्हती, माणसं किती धूर करतील यात होती.

करार पाळले जातात हे धरणंसुद्धा जोखमीचं बरं का. सीएफसी-११ चा उतार २०१२ नंतर मंदावला, २०१८ मध्ये ते छापून आलं, कुणीतरी चोरून बनवत होतं, पुढे माग पूर्व चीनपर्यंत गेला. त्यानंतर ते परत कमी झालं. कोणत्याही सिनारिओत "चोरी" नावाचा रकाना नसतो.

---

आडवाटेचा_प्रवासी

उशिरा आलो. ८.५ वर एवढी चर्चा आणि अजून कुणी मूळ भांडणाला हात घातला नाही? ८.५ ला "हे असंच चालू राहिलं तर" म्हणून सर्रास छापतात. हाउसफादर आणि पीटर्स यांनी २०२० ला नेचरमध्ये स्पष्ट लिहिलं की हे दिशाभूल करणारं आहे, त्यात कोळशाचा वापर कित्येक पटींनी वाढतो आणि शतकाअखेर उत्सर्जन शंभर अब्ज टनांच्या वर जातं. आज सौर आणि पवन ऊर्जा ज्या भावात मिळतेय त्यात हे होणार कसं? बंद करा ते ८.५.

---

जुनाट

बंद करू नका. नाव नीट द्या.

त्याच वर्षी दुसरा पेपर आला होता श्वाम वगैरेंचा, की २००५ पासूनचं एकूण जमा उत्सर्जन आरसीपी ८.५ च्या एक टक्क्याच्या आत आहे. म्हणजे शतकाच्या मध्यापर्यंत ती वाट निरुपयोगी नाही, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला तो युक्तिवाद निम्माच पटतो, कारण सुरुवातीच्या पंधरा वर्षांत सगळ्याच वाटा एकमेकींना चिकटून असतात, फरक पडतो तो पुढे. आयपीसीसीनेही सहाव्या अहवालात एवढ्या उत्सर्जनाची शक्यता कमी धरली जाते असं नोंदवलंय. पण ८.५ चं उत्सर्जन अवघड असणं आणि ८.५ च्या जवळचं प्रमाण अवघड असणं या दोन गोष्टी एक नाहीत. मघाशी काय सांगितलं? त्याच उत्सर्जनाला अधिक-उणे ९७. मधल्या वाटेचं उत्सर्जन असेल आणि सिंक (म्हणजे शोषून घेणारे जमीन आणि समुद्र) दगा देत गेले तर प्रमाण वरच्या वाटेकडे सरकतं. ८.५ पर्यंत नाही जाणार, पण सरकेल.

२०२४ चंच घ्या. जागतिक हवामान संघटनेच्या (डब्ल्यूएमओ) हिशेबाने जागतिक सरासरी ३.५ पीपीएमने वाढून ४२३.९ झाली, १९५७ पासूनची सर्वात मोठी उडी. उत्सर्जन काही त्या प्रमाणात उडालं नव्हतं. एल निनोचं वर्ष, जमीन कोरडी, वणवे, जंगलांनी कमी शोषलं. असं वर्ष अधूनमधून येतंच, त्यावरून सिंक कोसळले म्हणू नये. पण फाइलमधल्या गुळगुळीत रेषेत असं वर्ष तुम्हाला कधीच सापडणार नाही.

---

आडवाटेचा_प्रवासी

मान्य, पण मग "मधलं उत्सर्जन, वाईट कार्बन सायकल" अशी वेगळी फाइल का नाही काढत? ८.५ च्या नावाखाली हे लपवायचं कशाला?

---

हिशेबनीस

हा प्रश्न योग्य जागी लागलाय. सीएमआयपी७ साठी नेमकं हेच चाललंय, मॉडेलांना प्रमाणाऐवजी उत्सर्जन देऊन चालवण्यावर भर आहे. मग प्रत्येक मॉडेल आपलं प्रमाण आपण काढेल आणि पसारा उघड दिसेल. त्याची किंमत अशी की दोन मॉडेलांत तापमान वेगळं आलं तर ते संवेदनशीलतेमुळे (तेवढ्याच सीओटूला ते मॉडेल किती तापतं त्यामुळे) की सीओटूच वेगळं होतं म्हणून, हे सोडवत बसावं लागेल.

खालच्या टोकालाही हाच घोळ आहे, तिकडे कुणी बघत नाही. एसएसपी१-१.९ मध्ये २१०० ला ३९३ पीपीएम, म्हणजे आजच्यापेक्षा कमी. हवेतून काढून घेतल्याशिवाय हे होत नाही. आणि काढायला लागलात की समुद्र आणि माती शोषलेलं थोडं परत सोडतात, म्हणजे १ पीपीएम उतरवायला ७.८ अब्ज टनांपेक्षा जास्त काढावं लागतं. किती जास्त, यावर मॉडेलांचं एकमत नाही.

---

मुक्काम_ढगात

सगळ्यांचे आभार. मी असं करायचं म्हणतोय: आरसीपी आणि एसएसपीच्या रन्स एकत्र काढायच्याच नाहीत, प्रत्येक आलेखाखाली सिनारिओच्या नावाबरोबर पीपीएम लिहायचं, आणि एसएसपी२-४.५ आणि ३-७.० मुख्य धरून ५-८.५ फक्त टोकाची चाचणी म्हणून ठेवायचं. शिवाय हवामान तेच ठेवून सीओटू शंभर वर-खाली करून दोन जास्तीच्या रन्स. चालेल का?

अजून एक, फाइलमध्ये २०१४ आणि २०१५ च्या मधे काही सांधा आहे का? मला ढाळात बारीक फरक दिसतोय.

---

जुनाट

चालेल. मात्र त्या शंभर वर-खालीच्या रन्सना "अनिश्चितता" म्हणू नका, "संवेदनशीलता चाचणी" म्हणा, नाहीतर शंभरच का म्हणून विचारतील.

सांधा आहे. २०१४ पर्यंत मोजमाप, २०१५ पासून सिनारिओ. आरसीपीत तोच सांधा २००५ ला आहे. तेव्हा २०१५ ते आजपर्यंतची वर्षं फाइलमधून घेऊ नका, खरं मोजलेलं मिळतंय ते घाला आणि फाइल पुढे जोडा. जोडताना उडी राहिली तर ती दोन-पाच वर्षांत पसरवून टाका आणि तसं पेपरात लिहा.

---

पिंपळपान

रानवारा, नायट्रस ऑक्साइड राहिलाच की. शंभरावर वर्षं टिकतो आणि माणसामुळे येणारा बराचसा खतांशी बांधलेला. वेगळा धागा काढाल का?

---

रानवारा

काढते, शनिवारपर्यंत. मुक्काम_ढगात, तुमच्या मॉडेलमध्ये खतांचं इनपुट कसं देता ते तिथे लिहा, त्यावरूनच सुरुवात करू.